खुर्चीत बसून वर गेलेली थंडी

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. शाळेच्या पुस्तकात कमळ आणि गवत येण्याआधी माझ्या आयुष्यात "जागे व्हा!" आलं होतं. बाबांचा महाडच्या बाजारपेठेत छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि तेराव्याची कार्डं यांवर घर चालतं, आणि पत्रकांवर बाबा चालतात. साप चावला तर मांत्रिकाकडे नको, दवाखान्यात जा. नळाला पाणी का नाही, ते नगरपालिकेला विचारा. अंगात येतं ते देव नव्हे. जी पत्रकं उरायची त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहायचे, आईच्या फळीवर डब्यांखाली ती असायची, आणि माझी पोळीही त्यांतच गुंडाळलेली असायची. पोळीवर कधी कधी उलटा 'अन्याय' उमटायचा. मी तो चटणी लावून खायचे.

पत्रक लिहिण्याचे बाबांचे दोनच नियम होते. एका पानात मावलं पाहिजे, आणि काही लपवायचं नाही. कुणी गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, एवढं एक वाक्य गाळा की," तर बाबा म्हणायचे, "गाळायचं असेल तर लग्नपत्रिका छापा. त्यात मुलाच्या नोकरीचं कुणी खरं लिहीत नाही." मास्तर ते नव्हतेच कधी, पण चष्मा आणि आवाज यांमुळे त्यांना ती पदवी मिळाली होती.

अशा घरातून मी पुण्याला शिकायला गेले आणि दोन वर्षं एकाच गोष्टीकडे बघत बसले, ती म्हणजे चरबीच्या थरांमध्ये अडकलेलं पाणी गोठतं कसं आणि वितळतं कसं. परत आले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. बाबांनी विचारलं, "म्हणजे आता समाजासाठी काय?" आई म्हणाली, "पाणी गोठताना बघायला पुण्याला कशाला जायचं? आपला फ्रिज उघडून बसायचं होतंस. दार उघडं ठेवण्याबद्दल मी ओरडले असते, तेवढंच."

मग मी अळूवडीवर समजावलं. आईने त्या दिवशी केलीच होती. पान, बेसन, पान, बेसन, आणि सगळ्याची गुंडाळी. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीचं कातडं चरबीच्या कणांच्या पापुद्र्याचं असतं. असे पापुद्रे पाण्यात एकावर एक रचले की अळूवडी होते. पान म्हणजे चरबी आणि बेसनाच्या जागी पाणी, तेही इतकं पातळ की त्याला पाणी म्हणायचं धाडस लागतं. साधं पाणी शून्याला गोठतं. हे मधलं गोठत नाही. शून्याच्या खाली नेलं तरी ते पापुद्र्यांना धरून बसतं. फारच थंड केलं की गोठायला तयार होतं, पण आतल्या आत नाही. ते थरांतून बाहेर सरकतं आणि बाहेर जाऊन बर्फ होतं. आतले थर मीठ लावलेल्या काकडीसारखे चपटे पडतात. परत गरम केलं की बर्फ वितळतो आणि पाणी थरांत शिरतं. पण गेलं त्याच वाटेने येत नाही, आणि तुम्ही ऊब कशी दिलीत, किती वेगाने दिलीत, त्यावर त्याचा सगळा रुसवा अवलंबून असतो.

"आणि ही चरबी आणतात कुठून?" आईने विचारलं.

"अंड्याच्या बलकातून काढतात."

"अळूवडीत अंडं," आई म्हणाली आणि ताट माझ्यासमोरून उचललं.

दारात मावशी बसली होती. आमची सख्खी नव्हे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरावर एक वाडी आहे. तिथून ती बाजाराच्या दिवशी तूप घेऊन उतरते, आणि माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्या उंबऱ्यावर बसून चहा पिते. गळ्यात तुळशीची माळ. मासळीबाजाराच्या गल्लीने कधी जात नाही, लांबचा वळसा घेते. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाय गो, हे बर्फाचं जे बोललीस ना," ती म्हणाली, "डाक्तरची कांडी पण बर्फातनंच येते. ती माझ्या म्हशीला का लागत नाय, ते सांग मग."

तिची म्हैस एकच. घरातलं दूध, हे तूप, सगळं त्या एका म्हशीवर. गेल्या दोन खेपांना म्हैस माजावर आली, डॉक्टर येऊन कांडी भरून गेले, आणि एकवीस दिवसांनी म्हैस परत उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली. वाडीत रेडा उरलेला नाही. पोसायला परवडत नाही म्हणून शेवटचा कुणीतरी कधीच देऊन टाकला होता. मावशीचा मुलगा मुंबईत असतो. त्याने फोनवर फर्मान काढलं होतं.

"काय म्हणतो सांगू?" मावशी त्याचा आवाज काढत म्हणाली, "आई, टेन्शन नाय लेनेका. ह्या टायमाला पण नाय राहिली तर डायरेक्ट देऊन टाक, आणि तू इकडं ये. इकडं ये म्हणजे कुठं ये? त्याच्या त्या खोलीत म्हशीएवढी पण जागा नाय. मी काय करू तिथं? खिडकीत उभी राहून रवंथ करू?"

ती हसली. आम्हीही हसलो. पण चहाचा कप तिने रिकामा झाल्यावरही धरून ठेवला होता.

मी म्हटलं, मी बघते.

ज्यांना सगळे डॉक्टर म्हणतात ते डॉक्टर नाहीत. जनावरांचं रेतन करायला, लसी टोचायला त्यांची नेमणूक आहे. माणूस हसतमुख, मोटारसायकल जुनी, हाताखाली डोंगर फार. दोनच दिवसांनी त्यांना त्याच वाडीतून बोलावणं आलं, बुवांच्या म्हशीसाठी. बुवा म्हणजे वाडीतल्या भजनाचे म्होरके, टाळ त्यांच्या हातात आणि शब्दही त्यांचाच. मी डॉक्टरांच्या मागे बसून निघाले.

रस्ता जिथे संपतो तिथे त्यांनी गाडी लावली. तिथून पाऊण तासाची चढण आहे. मागे बांधलेलं भांडं दुधाच्या कॅनसारखं होतं. झाकण उघडल्यावर पांढरा धूर काठावरून खाली सांडला. आत द्रवरूप नायट्रोजन, शून्याच्या खाली एकशे शहाण्णव अंश. त्यांनी चिमट्याने पेनातल्या रिफिलएवढी नळी काढली. ही कांडी, आत रेड्याचं गोठवलेलं वीर्य. मग त्यांनी पिशवीतून स्टीलचा जेवणाचा डबा काढला आणि उघडला. डब्यात बर्फ होता. कांडी त्यांनी त्यात प्रेमाने आडवी ठेवली, वर आणखी बर्फ घातला, आणि झाकण लावलं.

"भांडं वर का नेत नाही?" मी विचारलं.

"पाय घसरला आणि हे कलंडलं तर? सरकारी वस्तू आहे. चेपलं तरी तीन अर्ज. म्हणून ही युक्ती," ते डबा थोपटत म्हणाले. "थंडीच्या मालाला थंडीतच ठेवतो. वितळू म्हणून देत नाही."

"बर्फ कुठला?"

ते इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "मासळीवाल्याकडचा. वर बोलू नका. माळकऱ्यांची वाडी आहे."

पाऊण तास मी त्या डब्याच्या मागून चालत होते आणि माझ्या डोक्यात एकसारखं एक पत्रक छापलं जात होतं. वर पोचल्यावर ते आणखी लांबलं. कारण वाडीची रीत अशी की पाहुण्याने चहा घेतल्याशिवाय गोठ्याकडे बघायचंसुद्धा नाही. कांडी बर्फात, बर्फ डब्यात, डबा उन्हात, आणि आम्ही ओसरीवर. चूल फुंकली गेली, गूळ शोधला गेला, कप शेजारून आले. मी दोनदा म्हटलं, आधी म्हैस बघू. बुवा म्हणाले, "म्हैस काय पळतेय? बस गो."

म्हैस पळत नव्हती. पळत होतं ते पाणी. त्या कांडीतल्या प्रत्येक जिवाभोवती तोच चरबीचा पापुद्रा असतो ज्याच्याकडे मी दोन वर्षं बघत होते. उणे एकशे शहाण्णवातून शून्याच्या बर्फात आणणं म्हणजे आपल्याला उकळत्या पाण्यात बुडवण्याच्या तिप्पट उडी. आपल्याला बर्फ थंड वाटतो, कांडीला तो भट्टी आहे. तीही मंद भट्टी, आणि मंदच वाईट. हळूहळू गरम होताना बर्फाचे बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, सुरीसारखे. पापुद्रे फाटतात. कांडी काढायची ती थेट कोमट पाण्यात, अर्ध्या मिनिटात मोकळी करायची आणि लगेच वापरायची. हे डॉक्टरांना शिकवलेलं होतं. पण शिकवणाऱ्याने डोंगर बघितला नव्हता.

उतरताना मी हे सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी डब्याचं झाकण उघडून आत बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे मी इतकी वर्षं डोंगरावर नुसता चहा प्यायला चढतोय?"

मावशीची म्हैस साधारण आठवड्याभरात माजावर येणार होती. मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहायला बसले. आमच्याकडे दुसरा काही इलाज असतो हे मला कुणी शिकवलेलंच नाही. "गोठणाऱ्या पाण्याचा अन्याय!" असा मथळा होता. बाबांना तो फार आवडला. वाडीने काय करावं ते लिहिलं. भांडं गोठ्यापर्यंत वर यावं. चहा मागाहून. कोमट पाणी तयार ठेवावं. का, तेही लिहिलं, अळूवडीसकट. आणि पापुद्रे थंडीत टिकावेत म्हणून कांडीच्या द्रवात काय काय घातलेलं असतं, तेही लिहिलं. एक ओळ होती: "या द्रवात अंड्याचा बलक असतो, कारण बलकातली चरबी त्या नाजूक पापुद्र्यांना गोठण्यापासून सावरते."

बाबांनी वाचलं, त्या ओळीवर क्षणभर थांबले, आणि छापलं. शंभर प्रती.

मला सांगायला लाज वाटत नाही की त्या ओळीचा मला अभिमान होता. तीच तर सगळ्यात सुंदर गोष्ट होती. सबंध शास्त्रातली गंमत एका अंड्यात!

वाडीत पत्रक बुवांनी देवळासमोर मोठ्याने वाचलं. त्यांना आवाज चांगला आहे, आणि छापील कागदाला ते मान देतात. मथळा वाचला, लोकांनी माना हलवल्या. अळूवडी वाचली, बायका हसल्या. मग अंडं आलं. मी तिथे नव्हते, पण नंतर मला ते चार जणांनी सांगितलं आणि चौघांनीही त्या शांततेचं वर्णन सारखंच केलं. बुवांनी कागद उलटा करून बघितला, मागे काही खुलासा आहे का म्हणून. मग विचारलं, "परवा माझ्या म्हशीला हेच घातलं?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मोटारसायकलवरून थेट छापखान्यात आले. हेल्मेटही काढलं नव्हतं.

"ताई, तुम्ही चांगलं केलंत की वाईट, ते मला समजत नाही," ते आतून बोलले. "वाडीने ठरवलंय, अंड्याची कांडी वाडीत चढणार नाही. बुवा विचारतात, असल्या म्हशीचं दूध देवाला चालेल का? मला काय माहीत? देवाच्या दुधाचं आम्हाला ट्रेनिंग नाही."

"पण ते खरं आहे!" मी म्हटलं.

"खरं आहे हो. मासळीच्या बर्फाचंही खरं होतं. ते तुम्ही नाही लिहिलंत."

मी ते लिहिलं नव्हतं, कारण त्यांनी 'वर बोलू नका' म्हटलं होतं आणि ते मला आवडत होते. काही लपवायचं नाही या नियमाला मी आधीच एक भोक पाडून आले होते, तेही माशाच्या वासाचं.

मी चिडले. वाडीवर चिडले, बुवांवर चिडले, आणि कुणीच समोर नव्हतं म्हणून आईने केलेल्या भाजीवर चिडले. आई म्हणाली, "भाजीत अंडं नाही. खा."

तिसऱ्या दिवशी मला छापखान्यात एक गठ्ठा सापडला. लग्नपत्रिकांच्या मागे, नीट झाकून ठेवलेला. "गोठणाऱ्या पाण्याचा अन्याय!" आणि खाली बारीक अक्षरांत "दुरुस्त आवृत्ती". मी वाचत गेले. भांडं होतं, कोमट पाणी होतं, अळूवडी होती. अंडं नव्हतं. ओळ काढून बाकीच्या ओळी वर सरकवल्या होत्या, इतक्या सफाईने की माझ्याशिवाय कुणाला कळलं नसतं.

"बाबा, ही लग्नपत्रिका आहे," मी म्हटलं.

ते छपाईचे खिळे जुळवत असल्याचं नाटक करू लागले. आमच्याकडे खिळे जाऊन कॉम्प्युटर आल्याला बरीच वर्षं झाली.

"मावशीची म्हैस दोनचार दिवसांत माजावर येईल," ते शेवटी म्हणाले. "ही खेप गेली तर मुलगा येणार आहे. व्यापाऱ्याला त्याने सांगून ठेवलंय. एक ओळ गं. एका ओळीसाठी त्या बाईने मुंबईच्या खिडकीत उभं राहायचं?"

मी खूप बोलले. आता आठवतं ते एवढंच की त्यात त्यांचीच पत्रकं मी त्यांना पाठ म्हणून दाखवली, मथळ्यांसकट. ते ऐकत होते. मध्येच एकदा त्यांनी "तो शब्द 'जुलूम' असा दीर्घ" म्हणून दुरुस्तही केला. मग म्हणाले, "मावशी उद्या बाजाराला येईल. तिलाच विचारू. तू काही बोलायचं नाहीस."

मावशी आली. चेहरा उतरला होता. बाबांनी तिच्या हातात नवा कागद दिला. "वाचा. यात काही वावगं नाही. वाडीत हा दाखवा, जुना फाडून टाका, छापताना चूक झाली म्हणून सांगा."

मावशी प्रौढ साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकली. एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचते. पण त्या दिवशी तिने वाचलंच नाही. कमरेच्या पिशवीतून जुना कागद काढला, दोन्ही एकमेकांवर ठेवले, आणि दाराकडे उजेडात धरले.

"मास्तर," ती म्हणाली, "हा कागद आखूड कशानं झाला?"

आई आतून बाहेर येऊन उभी राहिली. असल्या वेळी ती कधीच चुकत नाही.

"इथं खाली बोटभर जागा मोकळी राहिली. पहिल्यात नव्हती. काय काढलंत?"

"अंडं," मी म्हटलं. मला बोलायचं नव्हतं, पण विचारलं होतं.

"मग कांडीतनं पण काढलंत का?"

"नाही."

मावशीने आखूड कागदाची घडी घातली आणि बाबांना परत दिली. "तुम्ही माझं भलं बघितलंत, समजलं मला. पण उद्या कोणी सांगितलं तर मी काय तोंड दाखवू? त्यापरीस मी माझं भांडण माझ्या तोंडानं भांडते." मग माझ्याकडे वळली. "आणि तू गो. त्या भांड्याला वर कसं न्यायचं, ते तुझ्या कागदात लिवलंच नाय. वर न्या, वर न्या. कोण नेणार, तुझा बाप?"

खरंच लिहिलं नव्हतं. "वर यावं" असं लिहिलं होतं, जणू भांड्याला पाय होते.

दोन दिवसांनी सकाळी डॉक्टरांचा फोन आला. मावशीची म्हैस रात्रीपासून हंबरतेय, निरोप आलाय, आणि मावशीने त्यांना भांड्यासकट बोलावलंय. मी पोचले तेव्हा रस्त्याच्या टोकाला वाडीतली सातआठ माणसं उभी होती. बुवा पुढे होते, हाताची घडी घालून. आणि त्यांच्यामध्ये डोली. वाडीत कुणी आजारी पडलं, कुणी बाळंतपणाला अडलं की प्लॅस्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधतात आणि चौघे खांद्यावर घेऊन खाली आणतात. रस्ता कागदावर मंजूर आहे म्हणतात. माणसं खुर्चीतून उतरतात. त्यावर बाबांची चार पत्रकं आहेत, एकाही ओळीची दुरुस्त आवृत्ती नाही.

आज खुर्ची रिकामी खाली आली होती.

"उचला," मावशी म्हणाली.

"आक्का, ठरलंय ना आपलं," बुवा म्हणाले. "अंडं हाय त्यात. तूच माळकरी, तूच असं म्हणतेस?"

"हाय ना. हाय. मी कुठं नाय म्हणते?" मावशीने गळ्यातली माळ दोन बोटांनी उचलून दाखवली. "ही माझ्या गळ्यात हाय, बुवा. म्हशीच्या गळ्यात घंटा हाय. तिनं कधी नेम धरला होता?"

मागे कुणीतरी हसलं.

"पण दूध देवाला..."

"देवाला मी दूध देते, कांडी नाय देत. आणि तुमच्या सुनेच्या कोंबड्या वर्षभर अंडी घालतात, ती पोलादपूरच्या बाजारात टोपलीतनं कोण नेतो? त्याच हातानं तुम्ही टाळ वाजवता. देव काय बोलला अजून तुम्हाला?"

बुवांनी हाताची घडी सोडली. ते हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना.

"ह्या खुर्चीतनं माझा नवरा खाली गेला," मावशी एकदम हळू बोलली. "तुमची आई गेली. आम्ही सगळ्यांनी उचलली. आज ह्या भांड्याला नाय उचलायचं तर सांगा, मी आणि ही पोर उचलतो."

मी 'ही पोर' होते. माझ्या खांद्यांकडे बघून बहुतेक त्यांना दया आली. पुढचा बांबू बुवांनीच धरला.

मी आयुष्यात अनेक मिरवणुका बघितल्या आहेत, पण अशी नाही. प्लॅस्टिकच्या निळ्या खुर्चीत ताठ बसलेलं भांडं, पोटाशी साडीने बांधलेलं, डोक्यावरून पांढरा धूर. डॉक्टर बाजूने पळत, "आडवं नको, आडवं नको," करत. चढणीवर मागचे दोघं म्हणाले, "हा पाहुणा हलका हाय, बोलत पण नाय," आणि कुणीतरी विचारलं याला चहा देतात का. वाटेत एका वळणावर बुवांनी सवयीने अभंग धरला. दोन ओळी झाल्यावर आपण काय वाहतोय ते आठवून थांबले. मग चढण अजून बाकी आहे हे बघून परत धरला.

गोठ्यापाशी मावशीने पितळेच्या तांब्यात पाणी तयार ठेवलं होतं. मी पुण्याहून आणलेला तापमापक काढला. तिने तो बाजूला सारला आणि पाण्यात करंगळी घातली. "विरजणाचं," ती म्हणाली. दही लावताना दूध जेवढं कोमट लागतं तेवढं. मी तरीही तापमापक बुडवला. सदतीस. मला थोडं अपमानित वाटलं.

चहाचं भांडं चुलीवर उकळत होतं, पण कुणी ओतलं नाही. वाडीच्या रिवाजात हे बहुधा पहिल्यांदाच झालं. डॉक्टरांनी चिमट्याने कांडी काढली, थेट तांब्यात. मी तीसपर्यंत मोजलं. त्या तीस आकड्यांत त्या एवढ्याशा नळीत काय होत असेल ते मला दिसत होतं. बाहेर जाऊन बर्फ झालेलं पाणी सुटत होतं, चपटे पडलेले पापुद्रे परत फुगत होते, आणि त्यांच्या आजूबाजूला कुठल्याशा अनोळखी कोंबडीचा बलक उशीसारखा उभा होता. मोठ्याने मी फक्त आकडे म्हणत होते. माझ्यामागून सगळी वाडी ते म्हणायला लागली.

मग डॉक्टरांनी त्यांचं काम केलं, आणि आम्ही चहा घेतला.

एकवीस दिवस झाले. म्हैस उलटली नाही. मावशी बाजाराला आली, पण हसली नाही. "म्हशीचा माज मुका असतो," ती म्हणाली. "मला फसवत असेल." मुलाला तिने फोनवर सांगितलं की व्यापाऱ्याला थांबव, आणि त्याने ओके म्हटलं, दोन महिन्यांचं ओके.

दोन महिन्यांनी डॉक्टर तपासायला चढले. या खेपेला भांडं रस्त्यावरच ठेवलं, नुसते हात घेऊन. मी आणि बाबा दोघंही गेलो. बाबा कित्येक वर्षांनी डोंगर चढत होते आणि दर वळणाला रस्त्याच्या मंजुरीवर एक वाक्य बोलून दम घेत होते. डॉक्टर बराच वेळ चाचपत राहिले, डोळे मिटून. मावशी म्हशीचं शिंग धरून उभी होती, कान म्हशीकडे, नजर डॉक्टरांकडे.

"आहे," डॉक्टर म्हणाले. "गाभण आहे."

म्हशीच्या कपाळावर मावशीने आपलं कपाळ टेकवलं आणि तसाच फोन काढून मुलाला लावला. "ऐक रे," ती म्हणाली, "त्या व्यापाऱ्याला म्हणावं, डायरेक्ट दुसरीकडं जा. आणि तू ये. खरवस खायला ये. खोलीत नाय, इथं ये."

गोठ्याच्या कुडाशी बुवा उभे होते. त्यांची म्हैस मासळीच्या बर्फाच्या त्या कांडीनंतर उलटली होती, आणि त्यानंतर त्यांनी शब्द पाळला होता, कांडी भरवली नव्हती. ते खाकरले.

"मास्तर, आमच्यापण म्हशीचं दोनतीन दिवसांत होईल. खुर्ची हायच. माणसं हायत." जरा थांबून त्यांनी आवाज खाली आणला. "फक्त ते अंड्याचं, ह्या वेळी मोठ्यानं नको वाचायला."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे बघितलं. खिशातला आखूड कागद त्यांनी मुठीत चुरगळल्याचा आवाज मला ऐकू आला. तो ते अजून बाळगत होते!

"वाचायचं," मावशी म्हशीच्या कपाळावरून डोकं न उचलता म्हणाली. "तुम्हीच वाचायचं, बुवा. देवळासमोर. मग खुर्ची उचलायची."

तिसऱ्या दिवशी बुवांनी वाचलं. मी मुद्दाम गेले होते. भांड्याचं वाचलं, कोमट पाण्याचं वाचलं, अळूवडीला बायका परत हसल्या. मग त्या ओळीवर त्यांचा आवाज एकदम बसला आणि ते पुढच्या ओळीवर गेले.

मावशी खोकली.

बुवांनी चष्मा पुसला, मागे आले, आणि ओळ पूर्ण वाचली, बलकासकट. मग डोलीपाशी जाऊन पुढचा बांबू धरला.